आमची टायरखरेदी

शाळेच्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं लिहावें असें संपादकमंडळानें सुचविलें, तेव्हां पावसाळ्यांतील एखादी संध्याकाळ किंवा बालपणींची आठवण असा निरुपद्रवी विषय आम्ही घेऊं, अशी सर्वांची समजूत असावी. आम्हीं घेतला मोटारसायकलीचा टायर. हें ऐकून आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनीं चष्मा कपाळावर चढविला व "टायरांत साहित्य तें काय असणार?" असा सवाल केला. असतें कीं नाहीं तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु आमच्या नववी-दहावीच्या वर्गांतील निम्मे विद्यार्थी आज सायकलीवर बसून उद्यांच्या मोटारसायकलीचीं स्वप्नें पाहात असतात, आणि त्यांचे पालक तीं स्वप्नें कशीं लांबणीवर टाकावीं या विवंचनेंत असतात. उभय पक्षांच्या उपयोगीं पडेल असें थोडें आमच्या गांठीं आहे. तें गांठीं कसें पडलें हें सांगतांना आमची कांहींशी नाचक्की होणार आहे. पण तिला इलाज नाहीं.

आमचा भाचा कोल्हापुराजवळ गोकुळ शिरगांवच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत नोकरीस आहे. २०१९ सालीं नोकरी लागतांच त्यानें हप्ते बांधून यामाहा कंपनीची आर-१५ ही मोटारसायकल घेतली; त्या वेळीं तिची तिसरी आवृत्ति बाजारांत होती. ज्यांनीं ती पाहिली नसेल त्यांना एवढेंच सांगतों, कीं शर्यतीच्या गाडीचें हें शहरांत राहणारें धाकटें भावंड आहे. स्वार पुढें ओणवा होऊन बसतो, त्याचे पाय मागें जातात, पोट पेट्रोलच्या टाकीस टेकतें, आणि पाठीमागें बसणारा उंच माडीवर बसल्याप्रमाणें दिसतो. इंजिन १५५ घनसेंटिमीटरचें. मोठें नव्हे, परंतु हलक्या गाडीस पुरेसें चपळ. आमची धाकटी बहीण, म्हणजे मुलाची आई, वीस वर्षें रुग्णालयांत परिचारिका आहे. अपघातांत सांपडलेलीं मुलें जिनें रोज पाहिलीं, तिला ही गाडी दारांत पाहून काय वाटलें असेल तें सांगावयास नको. आम्हांला मात्र, खरें सांगावयाचें तर, गाडी आवडली. भौतिकशास्त्राच्या शिक्षकास आवडावें असें तिच्यांत पुष्कळ होतें.

हप्ता एकही न चुकवितां कर्ज फेडलेंस तर पहिला टायर आमच्याकडून, असें आम्हीं त्यास कबूल केलें होतें. २०२३ च्या मार्चमध्यें, लेंतच्या दिवसांतील एका शनिवारीं, तो घरीं आला. कर्ज फिटलें होतें. गाडी एकवीस हजार किलोमीटर चालली होती. तो म्हणाला, "मामा, मागचा टायर घासत आलाय. पावसाळ्याच्या आधीं बदलूं का?"

त्याच महिन्यांत आमच्या कन्येच्या प्रवेशशुल्काचा भरणा व्हावयाचा होता. हें कारण आम्हीं त्यास सांगितलें नाहीं, आणि त्या वेळीं स्वतःशींही नीटसें कबूल केलें नाहीं. आम्हीं काय केलें, तर प्रयोगशाळेंतून दुरुस्तीसाठीं घरीं आणलेला व्हर्नियर कॅलिपर काढला, त्याच्या मागच्या टोंकांतून बाहेर येणारी खोलीमापक पट्टी टायराच्या एका खांचेंत सोडली, आणि डोळा मिटून वाचन घेतलें : १.३ मिलिमीटर. दुचाकीच्या टायरावरील नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षां कमी नसावी असें केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. हें आम्हांस पाठ होतें. "कायद्याहून अर्धा मिलिमीटर अधिक आहे. हा पावसाळा निघेल, दिवाळींत पाहूं," असा निकाल आम्हीं दिला. तो "बरं, मामा" म्हणाला. बी.एस्सी. झालेल्या मामानें, हातांत व्हर्नियर घेऊन, दशांशचिन्हासहित सांगितलेली गोष्ट. तिच्यावर कोण शंका घेणार?

जूनच्या मध्यास पहिल्या सरी आल्या. भाचा मित्राच्या घरीं समारंभास रत्नागिरीकडे निघाला होता. मलकापूर मागें टाकून आंबा घाट उतरतांना एका डाव्या वळणावर मागचें चाक एकाएकीं बाहेर सरकलें. गाडी डाव्या अंगावर पडली, आणि ती व तो असे दोघेही रस्त्याच्या उजव्या बाजूस घसरत गेले. समोरून एक मालट्रक येत होता. तो चढ चढत असल्यामुळें सावकाश होता. म्हणून थांबूं शकला. ट्रकवाल्यांनींच त्यास उचलून गाडीत घातलें. गळपट्टीचें हाड आणि डावें मनगट मोडलें होतें; शिरस्त्राणास डोळ्यापासून कानामागपर्यंत भेग गेली होती, डोक्यास कांहीं नव्हतें.

पुढच्या रविवारीं मंडळींत त्याच्यासाठीं उपकारस्तुति झाली. भाच्याच्या उशाशीं दोन रात्री जागून काढणाऱ्या मामाचाही पाळकसाहेबांनीं उल्लेख केला. आम्ही मान खालीं घालून उभे होतों. लोकांस तो विनय वाटला.

त्या रात्रीं आम्हीं गणित मांडलें. वळण घेतांना दुचाकी आंतल्या अंगास कलते हें सायकल चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. किती कलावी लागते तें असें निघतें : वेगाच्या वर्गास वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकारानें भागावें, जें येईल तें कलाच्या कोनाचें स्पर्शगुणोत्तर. आणि रबर व रस्ता यांच्यामधील घर्षणांक निदान तेवढा तरी असावाच लागतो, नाहींतर चाक बाहेर सरकतें. वळणाची त्रिज्या २० मीटर धरा, वेग ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. उत्तर ०.५१, कोन सुमारें २७ अंश. आतां वेग ताशीं ४५ करा. उत्तर एकदम ०.८० पर्यंत चढतें आणि कोन ३८ अंशांच्या पुढें जातो. वेग सव्वापट झाला, तर रस्त्याकडे मागितलेली पकड दीडपटीहूनही अधिक झाली. कारण हिशेबांत वेगाचा वर्ग येतो. कोरडें, स्वच्छ डांबर आणि चांगला टायर असेल तर ही मागणी पुरविली जाते. परंतु पहिल्या पावसाचा रस्ता हा अर्ध्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्याहून फार वाईट असतो : उन्हाळाभर सांचलेलें तेल, रबराची भुकटी आणि धूळ थोड्याशा पाण्यांत कालवून त्याचा लेप तयार होतो, आणि तो धुवून जाण्याइतका पाऊस अद्याप पडलेला नसतो.

भाचा सांगतो, वेग चाळीसच्या आसपास होता. त्याच्या सांगण्यावर आमचा विश्वास आहे. मात्र ऐन वळणांत वेगाचा आंकडा कोणी वाचीत नसतो हेंही आम्हांस ठाऊक आहे. त्या दिवशीं कोरा टायर असता तर तो पडला नसता, असें शपथेवर सांगतां येत नाहीं. कोरा असता तरी पडलाच असता, असेंही सांगतां येत नाहीं. आणि ह्या दुसऱ्या वाक्यानें आमची झोंप घालविली.

याच सुमारास वर्गांत घर्षणाचा धडा आला. आम्हीं नेहमींप्रमाणें सांगितलें, कीं घर्षण हें दाबणाऱ्या बलावर अवलंबून असतें, स्पर्श करणाऱ्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावर नव्हे. एक मुलगा उभा राहिला. "मग सर, मोठ्या गाड्यांना एवढा रुंद टायर कशाला लावतात? पैसे फुकट?" वर्ग हंसला. आम्हीं त्यास "उद्यां सांगतों" म्हणून बसविलें, कारण आम्हांस त्या घटकेस नीट सांगतां आलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं जें सांगितलें तें असें. तो नियम आमोंतों नामक फ्रेंच शास्त्रज्ञानें १६९९ सालीं मांडला, आणि लांकूड, लोखंड यांसारख्या कठीण पदार्थांस तो बराचसा लागूं पडतो. रबर मात्र तो पाळीत नाहीं. रस्ता आपणांस सपाट दिसतो, पण तो बारीक खड्यांचा डोंगराळ प्रदेश आहे. रबर मऊ असल्यामुळें त्या खड्यांच्या भोंवतीं बसतें, त्यांना चिकटतें. आणि पुढें ओढलें असतां चटकन पूर्वस्थितीस न येतां जरा रेंगाळून येतें. त्या रेंगाळण्यांत शक्ति खर्च होते आणि तीच आपणांस पकड म्हणून मिळते. भार थोड्या जागेवर एकवटला तर रबराचा घर्षणांक उतरतो. तो अधिक जागेवर पसरला तर चढतो. म्हणून रुंदीचा उपयोग आहे. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पापुद्रा मध्यें आल्यानें चिकटणें जवळजवळ नाहींसें होतें, आणि सगळी भिस्त त्या रेंगाळण्यावर राहते. टायरावरील नक्षीचें काम एवढेंच, कीं पाण्यास बाजूस निसटण्यास वाट मिळावी. पकड नक्षी देत नाहीं, रबर देतें. नक्षी रबरास रस्त्यापर्यंत पोंचूं देते. आणि हें सर्व चालतें किती जागेवर? आपल्या तळहाताएवढ्या. दुचाकीचा एक टायर एका वेळीं साधारण तेवढाच रस्त्यास टेकलेला असतो. मुलांनीं आपापले तळहात उलटून पाहिले. आम्हींही पाहिला.

वर्षभर ती गाडी आमच्या पडवींत ताडपत्रीखालीं उभी होती. भाच्याचें हाड सांधलें, मनगट वळूं लागलें, तो बसनें कामावर जाऊं लागला. २०२४ च्या मे महिन्यांत बहीण आली. गाडीस गिऱ्हाईक मिळालें होतें. मुलगा मात्र पुन्हां चालवूं म्हणत होता. चहा घेतां घेतां तिनें विचारलें, "दादा, तूं सांग. टायर घालून देऊं, कीं विकून टाकूं? तूं म्हणशील तसं."

पुन्हां एकदां निकाल आमच्याकडेच आला होता. ह्या वेळीं आम्हांस तो देववेना. मार्चमधील तो शनिवार, तो व्हर्नियर, ती दिवाळीची मुदत आणि तें प्रवेशशुल्क, सर्व आम्हीं तिला सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "टायर केवढ्याला येत होता?"

"साडेचार-पांच हजारांना."

"हं." तिनें कप बशींत ठेवला. "मला वर्षभर वाटतंय, त्या दिवशीं उशीर होईल म्हणून मीच त्याला फोनवर घाई केली. मी कुणाला सांगितलं नाहीं."

आम्ही दोघेंही पडवीकडे पाहात बसलों. कांहीं वेळानें तीच उठली. "विकली तर दुसऱ्या कुणाचं तरी पोर त्याच टायरावर बसेल. आणि हा काय, दुसरी घेईलच. उद्यां दुकानांत जाऊं. मी पण येतें. पैसे तूं द्यायचेस." वयानें धाकटी असली तरी कोणती गोष्ट कधीं करावयाची हें तिलाच अधिक कळतें.

स्टेशनरस्त्यावरील त्या दुकानांत छतापर्यंत टायर टांगलेले होते आणि रबराच्या वासानें डोकें जड होत होतें. आम्ही तिघेंही गेलों. प्रथम भाच्यानेंच घोळ घातला. गाडीस मागें मूळचा टायर १४०/७० आर १७ या मापाचा. त्यास १५० रुंदीचा हवा होता, कारण मित्रानें तसा घातला होता व तो "भारी दिसतो". दुकानदार द्यावयास तयारच होता. येथें आमचें शिक्षण थोडें कामास आलें. ह्या आंकड्यांचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो म्हणून सांगतों. १४० ही रुंदी मिलिमीटरांत. ७० म्हणजे टायराच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७०, अर्थात् ९८ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १७ हा रिमचा व्यास, इंचांत. मिलिमीटर आणि इंच एकाच ओळींत सुखानें नांदतात असें दुसरें उदाहरण आम्हांस आठवत नाहीं. पुढें ६६ एच असें असतें : ६६ हा भाराचा सांकेतिक अंक, त्याचा अर्थ ३०० किलोग्रॅम, एच म्हणजे ताशीं २१० किलोमीटरपर्यंत टायर टिकेल. (एवढा वेग करावा असा त्याचा अर्थ नाहीं, हें तेथेंच भाच्याच्या आईनें स्पष्ट केलें.) रिम ठराविक रुंदीची असते. तिच्यावर अधिक रुंद टायर चढविला कीं त्याच्या कडा आंत ओढल्या जातात, माथ्याची गोलाई बदलते, गाडी वळणांत कलतांना जड व अनिश्चित होते, आणि कधीं कधीं टायर साखळीस किंवा मागच्या दांडीस घांसतो. इंजिनीअरांनीं एक गोलाई ठरवून दिली आहे. दिसण्यासाठीं ती मोडावी कां? भाच्यानें हें मुकाट्यानें ऐकलें. आमच्या मतावर विश्वास ठेवण्याची त्याची संवय अजून गेली नव्हती, याचें आम्हांस आश्चर्यही वाटलें आणि थोडी भीतिही.

गोलाईचा विषय निघालाच आहे तर जुन्या टायराविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. चौपदरी रस्त्यावर सरळ चालून चालून त्याचा माथा मध्यभागीं सपाट झाला होता. दोन्हीं अंगांस नक्षी बऱ्यापैकीं शिल्लक होती. असा टायर सरळ चालतो तोंवर कांहीं तक्रार करीत नाहीं. कलतांना मात्र सपाट भाग संपून कड लागते, आणि पायरीवरून पाय घसरावा तशी गाडी एकदम खालीं येते.

दुकानदारानें तीन टायर पुढें ठेवले. एक कठीण रबराचा. हा पंचवीस हजार किलोमीटर सहज जाईल असें तो म्हणाला. दुसरा परदेशी घडणीचा, मऊ रबराचा, किंमत जवळजवळ दुप्पट, आणि आयुष्य पहिल्याच्या निम्मेंही नाहीं. तिसरा यांच्या मधला. मऊपणा आणि टिकाऊपणा यांचें भांडण फार जुनें आहे. नुसतें रबर थंडींत ठिसूळ व उन्हांत चिकट होतें; गंधकाबरोबर तापविलें असतां तें घट्ट व लवचीक होतें, हें चार्ल्स गुडइयर यास १८३९ सालीं आढळलें. पुढें रबरांत काजळी मिसळूं लागले. टायर काळा असतो तो तिच्यामुळें, आणि झिजेस तोंड देतो तोही तिच्यामुळें. अलीकडे काजळीच्या जोडीस सिलिका, म्हणजे वाळूचेंच अतिसूक्ष्म चूर्ण, घालतात. त्यानें ओल्या रस्त्यावरील पकड सुधारते. हवेचा टायर मात्र रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं शोधून पेटंट घेतलें आणि जग तें विसरून गेलें; १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनीं तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं पुन्हां शोधला. मुलाचें बसणें सुखाचें व्हावें म्हणून.

भिंतीवर एम.आर.एफ., सीएट, अपोलो, मिशलॅं, पिरेली अशीं नांवें होतीं. त्यांतील पहिल्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजांत शिकलेले के. एम. मामेन माप्पिल्लै यांनीं १९४६ सालीं मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथें एका शेडमध्यें खेळण्यांतले फुगे करण्यास आरंभ केला. मद्रास रबर फॅक्टरी हें त्याचेंच पुढचें रूप. फुगा आणि टायर यांत तत्त्वतः अंतर थोडें, हवा दोहोंत तीच, असो. आम्हीं शेवटीं कोणता घेतला तें येथें सांगत नाहीं. वार्षिकांत जाहिरातींचीं पानें निराळीं असतात.

"ह्यांतला पावसांत चांगला कोणता?" बहिणीनें विचारलें.

"सगळेच चालतात, मॅडम."

"सगळेच चालले असते तर आम्ही इथं आलों नसतों."

दुकानदार जरा वरमला व मग नीट सांगूं लागला. कठीण रबराचा टायर माल वाहणाऱ्यास, दिवसाकांठीं शंभर किलोमीटर सपाटीवर चालणाऱ्यास ठीक. मऊ परदेशी टायर शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्यास. तोही तापल्यावर आपलें खरें काम करतो, आणि ऑफिसला जाऊन येण्यांत तो पुरता तापतही नाहीं. घाट, पाऊस आणि रोजचा बारा किलोमीटरांचा रस्ता असें मिश्रण असेल तर मधला, सिलिका असलेला, रेडियल. रेडियल टायराच्या आंतील दोरे रिमपासून रिमपर्यंत आडवे जातात आणि माथ्यावरून वेगळा पट्टा फिरतो. साध्या टायरांत ते तिरपे, एकमेकांस छेदून जातात. त्यामुळें रेडियल कमी तापतो व रस्त्यावर अधिक समान टेकतो. हें ऐकून आम्हीं मधला निवडला. खरें म्हणजे बहिणीनें निवडला. आम्हीं मान हलविली.

तो खालीं काढल्यावर ती डोळ्यांजवळ नेऊन भिंत वाचूं लागली. "तारीख कुठें असते?" तिनें विचारलें. सलाइनची बाटली लावण्यापूर्वीं तारीख वाचणें हा तिचा वीस वर्षांचा परिपाठ. आम्हांस हें विचारावयाचें सुचलें नव्हतें. लांबट गोल चौकटींत चार आंकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तेथें २३२० असें होतें. अर्थात् २०२० सालचा तेविसावा आठवडा. चार वर्षें तो टायर त्या दांडीवर लटकत होता. रबर न वापरतांही कडक होत जातें. दुकानदारानें निमूटपणें आंतून दुसरा आणला. तो त्याच वर्षाच्या सातव्या आठवड्यांतला निघाला.

पुढच्या टायराची नक्षी अजून पुष्कळ होती, म्हणून भाचा तो राहूं द्या म्हणाला. आम्हीं बॅटरी मारून पाहिलें तों भिंतीवर केंसासारख्या भेगा. पांच वर्षांचें वय आणि एक वर्ष एकाच जागीं उभें राहणें. वळवितो पुढचा टायर, आणि ब्रेक दाबतांच भारही त्याच्यावर येतो. मागचा सरकला तर माणूस कधीं कधीं सांवरतो, पुढचा सरकला तर बहुधा नाहीं. दोन्हीं घेतले. साडेसात हजारांस थोडे कमी झाले. पैसे मोजतांना मार्चमधल्या त्या आंकड्याची आठवण झाली. ती येणारच होती.

टायर चढवितांना भिंतीवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेस आहे, पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ आहे आणि व्हॉल्व्ह नवा आहे, हें पाहून घ्यावें. कडा रिमवर बसतांना जो फटाक्यासारखा आवाज झाला त्यानें बहीण दचकली. यंत्रावरच्या पोरानें कडा बसविण्यासाठीं चाळीस पौंडांवर नेलेला दाब तसाच ठेवून दिला होता. कंपनीनें ठरविलेला दाब त्याहून बराच कमी आहे. तो गाडीबरोबरच्या पुस्तकांत असतो. पुस्तक भाच्याच्या पिशवींत निघालें, न उघडलेलें. हवा कमी करून घेतली. फाजील हवेनें टायर फुगून मधोमधच टेकतो, आणि तळहाताचीं राहतात बोटें.

नवा टायर आरंभीं निसरडा असतो हें मात्र ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. सांच्यांतून निघालेलें त्याचें पृष्ठ गुळगुळीत असतें. तें घांसून खरखरीत होईपर्यंत, म्हणजे पहिले दीडशें किलोमीटर, जपून, हळूहळू कल वाढवीत चालवावें. नवा टायर घालून दुकानासमोरच पडलेलीं मुलें दुकानदारानें पाहिलीं होतीं. भाच्यानें तें पथ्य पाळलें. रोज संध्याकाळीं तो आईस फोन करून आंकडा सांगे : बावीस, एकोणपन्नास, ऐंशीं. दीडशें पुरे झाले त्या दिवशीं तिनें आम्हांस फोन केला. बोलली मात्र भलत्याच विषयावर. जुलैंत तो पुन्हां आंबा घाट उतरला. ताशीं किती वेगानें, हें आम्हीं विचारलें, त्यानें सांगितलें, आम्हीं गणित केलें. ०.४० आलें.

जुना मागचा टायर आम्हीं प्रयोगशाळेंत आणून ठेवला आहे. व्हर्नियरच्या पाठासाठीं नळी आणि गोळी यांच्या जोडीस तो आतां तिसरी वस्तु झाला आहे. मुलें खांचांची खोली निरनिराळ्या जागीं मोजतात. कडेस २.९ आणि २.६ येतात, मध्यभागाच्या लगत १.०, आणि अगदीं मधोमध ०.५. मार्चमध्यें आम्हीं पट्टी मधोमध सोडली नव्हती, हें त्या आंकड्यांवरून उघड होतें. नववींतील एका मुलीनें वही पुढें करून विचारलें, "सर, तेव्हां तुम्हीं एकच वाचन घेतलं होतं?"

"होय."

"प्रयोगवहींत असं कुणी लिहून आणलं तर तुम्ही पांचांपैकीं किती देतां?"

आम्ही म्हणालों, दोन. तिनें थोडा विचार केला व एकच दिला. तोही एकक बरोबर लिहिलें म्हणून.